शिडी घेऊन जा

दाजी पेंटर मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते जमिनीपासून पंधरा फूट उंच बसलेले होते. अंधेरी पूर्वेला, चकाल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका पिठाच्या गिरणीची पाटी रंगवायला चढले होते. दोन बांबू, एक फळी, सुंभाचे चार वेढे अशी परांची. तिच्यावर मांडी घातलेली, खांद्यावर रंगाची चिंधी आणि तोंडात न पेटवलेली विडी. मी खालून चाललो होतो. त्यांनी हाक मारली, "ओ भाऊ, एक काम करा. ही शिडी घेवन जावा. थंय समोर, चायवाल्याकडे ठेवा."

मी विचारलं, मग तुम्ही खाली कसे येणार?

"पाटी पुरी झाल्याशिवाय मी खाली येवचंय नाय," दाजी म्हणाले. "शिडी दिसली की माझे पाय खाजतत."

आम्ही त्याच महिन्यात परळहून अंधेरीला राहायला आलो होतो. उपनगरातली माणसं अशीच असतील असं समजून मी शिडी नेऊन ठेवली. चहावाल्यानं काही न विचारता ती भिंतीला लावली, म्हणजे हा रोजचाच प्रकार होता. दाजींचा हा नियमच होता. परांचीवर चढायचं, रस्त्यावरच्या कुठल्याही इसमाला शिडी न्यायला सांगायची आणि पाटीचं शेवटचं अक्षर पुरं झालं की चहावाल्याला हाक मारायची. चहासुद्धा दोरीला बांधलेल्या डब्यातून वर जाई.

त्या दिवशी मात्र चहावाल्यानं ती शिडी एका मांडववाल्याला दिली आणि मांडववाला तिच्यासकट घाटकोपरला गेला. दाजी सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत वर होते. मी वाढवून सांगत नाही. वाढवायचं असतं तर तीन दिवस म्हणालो असतो. पाटी दुपारी दोनलाच पुरी झाली. मग करायला काही नाही म्हणून दाजींनी अक्षरांना सावली दिली. मग दोन्ही बाजूंना गव्हाच्या लोंब्या काढल्या. मग लोंब्यांवर चिमण्या. साडेपाचला ते गणपतीच्या सोंडेपर्यंत आले होते. गिरणीवाल्याला साध्या पाटीच्या भावात एक देऊळ मिळालं. एका कावळ्यानं दाजींच्या डोक्यावर घरट्यासाठी जागा बघून ठेवली होती, असं गिरणीवाला पुढे सांगायचा. कावळा मी पाहिला होता. जागा बघताना पाहिलं नाही, म्हणून तेवढं मी सांगत नाही.

घरी परतलो तर हाच इसम आमच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीचं कुलूप उघडत होता. दाजी घाडी, गाव देवगडकडे, बायको गावाला शेत सांभाळायला, आणि हे इथे एकटे. आईनं त्याच आठवड्यात त्यांना कालवणाची वाटी पाठवायला सुरुवात केली आणि मी 'ओ भाऊ'चा 'सुऱ्या' झालो.

दाजी कामाला इतके पक्के, की त्यांना चिकाटीचा पुतळा समजावं. पण तसं कोणी म्हटलं की ते रागवायचे. "माझ्यासारखो आळशी माणूस ह्या अंधेरीत दुसरो मिळाचो नाय," असं छाती पुढे काढून सांगायचे. "म्हणान तर शिडी धाडूची लागता. ज्याच्या मनात बळ आसा तो शिडी ठेवता. माझ्या नाय."

वर्सोव्याला कोळ्यांच्या होड्यांवर नावं घालायचं काम त्यांना दरवर्षी मिळे. तिथे शिडीचा प्रश्नच नव्हता. मग दाजी काय करत? ओहोटी लागली की रंगाचे डबे घेऊन होडीपाशी जात आणि भरती यायच्या आत नाव पुरं करत. "समुद्राक सांगूक लागणा नाय. तो आपणच येता." एकदा होडीच्या मालकानं आपल्या तिन्ही मुलींची नावं एकाच होडीवर घालायला सांगितली. पहिल्या मुलीला पाणी घोट्याशी होतं, दुसरीला कमरेशी आणि धाकटीच्या शेवटच्या अक्षराला दाजींच्या हनुवटीशी. ब्रश दातात धरून पोहत आले. मालक म्हणाला, पुढच्या साली या की वो, नाव राहिलं तर राहिलं. दाजी म्हणाले, पुढल्या सालाचो भरवसो समुद्राक आसा, माका नाय.

हे सगळं खरं. पण आमच्या चाळीला हसायला वेगळंच कारण होतं. चाळीतल्या बावीस दारांवरच्या बावीस पाट्या दाजींच्या हातच्या. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'दाजी' अशी सही. तेविसावं दार त्यांचं स्वतःचं. त्यावरही पाटी होती, चार स्क्रूंनी बसवलेली, पांढरी स्वच्छ. तिच्यावर एक अक्षर नव्हतं.

पोस्टमन थट्टा करायचा, नवीन भाडेकरू विचारायचे, आई तर कालवणाची वाटी परत घेताना दर वेळी म्हणायची, "दाजी, गावाचे बोर्ड रंगवता, तुमच्या दाराला काय सुतक आहे?" दाजी हसून म्हणायचे, "उद्या." हा शब्द त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुठल्याही कामाला कधी ऐकला नाही.

आता माझं सांगतो. मी त्या वेळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेसर होतो, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग गिरवायचो. संध्याकाळचा ड्राफ्ट्समनचा कोर्स पुरा केला तर स्वतः काढायला मिळणार होती. कोर्ससाठी बारा शीट द्यायच्या होत्या. सहा महिन्यांत माझ्या तीन झाल्या होत्या. कारण मी बोर्डासमोर बसलो की पेन्सिलीला टोक करायचो. टोक झालं की ते फार बारीक वाटायचं. मग चहा. मग गॅलरीत उभं राहून विमानं मोजायची. सांताक्रूझचा विमानतळ माझ्यासाठीच बांधला होता. अशानं मी सहा महिन्यांत दीड डझन पेन्सिली नुसत्या टोक करून संपवल्या. शनिवारी दुपारी बाराला शीट द्यायच्या आणि मंगळवारी सकाळी अजून नऊ शीट बाकी. आई रडायच्या बेतात.

दाजी आले, माझा ड्रॉइंग बोर्ड काखोटीला मारला आणि म्हणाले, "चल."

त्यांच्या खोलीत पोटमाळा होता, नीट ताठ बसताही येत नसे एवढा बुटका. मी त्यांच्या शिडीवरून वर चढलो, मागून बोर्ड आला, टी-स्क्वेअर आला, शाई आली. आणि शिडी गेली.

चार दिवस. दाजींनी स्वतःचं काम बंद ठेवलं आणि शिडी मांडीवर आडवी घेऊन खाली बसून राहिले. दिवसातून तीनदा, ज्यासाठी माणसाला उतरावंच लागतं त्यासाठी, शिडी लागे. रात्री झोपायला सुट्टी मिळे. पेज आणि सुकट डब्यातून वर यायची. पहिल्या दिवशी मी खूप वाद घातला. दाजी उत्तरच देईनात. दुपारी मी सांगितलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. तर डब्यातून दहा टोक केलेल्या पेन्सिली वर आल्या. आता टाळायला काही उरलं नाही, आणि मग मला समजलं की मी पेन्सिलीला घाबरत नव्हतो. काढलेली शीट चुकीची निघेल आणि आपण जन्मभर गिरवणारेच आहोत हे सगळ्यांना कळेल, याला घाबरत होतो. मी हे वरून बोललो. मग दाजी बोलू लागले, आणि माझ्याकडे न बघता, शिडीला सांगत असल्यासारखे बोलले.

ही खोली घेतली त्या साली त्यांचा बापूस गावाहून आला होता. भिकाजी घाडी. जन्मभर कागदावर अंगठा उठवलेला, अक्षर ओळखीचं नाही. मुलगा मुंबईत पेंटर झाला याचं त्याला फार कौतुक. त्याची एकच मागणी होती. "माझा नाव दारार लिव. कसा दिसता ता माका एकदा बघूचा आसा."

दाजींनी पाटी ठोकली, पांढरा हात दिला. बापूस पाटीसमोर पाट टाकून बसला. दाजी म्हणाले, सुकू दे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, अजून एक हात देऊया, सुकू दे. तिसऱ्या दिवशी अक्षराचं वळण मनासारखं बसेना. मग बाहेरची कामं आली. अकरा दिवस म्हातारा रोज त्या पांढऱ्या पाटीकडे बघत बसला, आणि बाराव्या दिवशी पेरणी आली म्हणून गावाला गेला. शिमग्याला परत येतो म्हणाला. आला नाही. तार आली.

"गावाचो बोर्ड चुकलो तर पुसून परत लिवतंय," दाजी म्हणाले. "बापाशीचा नाव चुकला तर? म्हणान चांगला लिवूच्या नादात लिवलंयच नाय. आणि त्येका तर वाचूक येय नाय, सुऱ्या. मी कायव लिवलं असतं, तरी तो खूश झालो असतो."

त्या दिवसापासून आपण शिडी दूर धाडू लागलो, असं ते म्हणाले नाहीत. पण मला ते वर बसून दिसलं.

शनिवारी सकाळी दहाला बारावी शीट डब्यातून खाली गेली. तिच्यावर एका कोपऱ्यात सुकटीचा डाग होता आणि परीक्षकानं तो मशीनचा भाग समजून मार्क दिले, असं मी सांगत असतो. पास झालो हे तरी नक्की खरं.

मी ड्राफ्ट्समन झालो. दाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी लहान अक्षरं गेली, मग होड्या गेल्या, मग परांची. दहा वर्षांत अंधेरीत दिव्याच्या पाट्या आल्या होत्या, त्यांना पेंटरची गरज नव्हती. एका वैशाखात दाजींनी खोली सोडायचं ठरवलं. कुर्ल्याहून संध्याकाळी सातची एसटी. सामान बांधलं, रंगाचे डबे वाटून टाकले. शिडी मला दिली. आणि दारावर ती पाटी, पांढरीची आता पिवळट झालेली.

मी म्हटलं, दाजी, पाटी? ते म्हणाले, गावाक जावन लिवतंय. मी म्हटलं, उद्या? ते बोचक्याची गाठ आवळू लागले.

सकाळी अकराला ते आईकडे चहा प्यायला गेले तेव्हा मी चार स्क्रू काढले. पाटी घासून पुसून पोटमाळ्यावर ठेवली. शेजारी काळ्या रंगाचा डबा, ब्रश, आणि उजेडासाठी दोन बल्ब. दाजी परत आल्यावर सांगितलं, तुमची एक ट्रंक वर राहिली आहे बघा. दाजी चढले. मी शिडी काढली आणि मांडीवर आडवी घेऊन दारात बसलो.

आधी ते हसले. मग शिव्या आल्या. त्यांतल्या निम्म्या मला आजही कळलेल्या नाहीत. मग म्हणाले, डोळ्यांनी दिसत नाही, हात कापतो. मग म्हणाले, एसटीत बसून लिहितो, बायकोची शपथ. मी उत्तर दिलं नाही. आईनं कालवणाची वाटी आणून डब्यात ठेवली. डबा वर गेला आणि तसाच भरलेला खाली आला. बारा वाजले, एक वाजला. वरून काहीही आवाज येईना तेव्हा मला भीती वाटली, आणि मी उठणार एवढ्यात दाजी शांतपणे म्हणाले, "बारको ब्रश खंय ठेवलंस?"

साडेचारपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. मी शिडीवर हात ठेवून बसलो होतो. माझेही पाय खाजत होते. वर चढून बघावं, मदत करावी, असं शंभर वेळा वाटलं. मग डबा दोरीनं दोनदा हलला. मी शिडी लावायला उचलली.

"थांब," वरून आवाज आला. "सुकू दे."

शेवटी अर्धवट सुकलेली पाटी एका तळहातावर तोलत ते खाली उतरले. 'भिकाजी विठू घाडी'. अक्षरं थोडी वाकडी होती. दाजींच्या हातची इतकी वाकडी अक्षरं मी कधी पाहिली नव्हती, आणि त्यांनी ती एकदाही पुसली नव्हती. कुर्ल्यापर्यंत मी सामान घेतलं आणि त्यांनी फक्त पाटी. एसटीत खिडकीशी बसले, ती मांडीवर ठेवून, देवाचं ताट धरल्यासारखी.

त्यानंतर तीन वर्षांनी दाजी गेल्याचं पत्र आलं, तेव्हा मी देवगडला गेलो. घर मातीचं, दार फणसाचं. पाटी होती. मी सवयीनं कोपऱ्यात सही शोधली. सही नव्हती. तिथे एक काळा अंगठा उमटलेला होता.

रंग सुकला का ते बघायला त्यांनी बोट लावलं असेल. किंवा मुद्दाम लावलं असेल, बापसाच्या नावाखाली बापसाचीच सही म्हणून. दाजींच्या बायकोला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत पदरची भर घालत आलो. या एकीत घालत नाही.