पोस्टकार्डाएवढी फट

दिनांक ९ फेब्रुवारी १९३७ रोजी सावळीरामशेठने एकशे अडतीस रुपये बारा आणे मोजून आपल्या जुन्या लॉरीचे इंजिन नजीर मिस्त्रीकडून नव्याने बांधून घेतले. दहा दिवसांत ती चांदवडच्या अलीकडच्या चढावर दोनदा बंद पडली. तिसऱ्या खेपेला नजीरला चालवायला लावून शेठ स्वतः त्याच्या शेजारी बसला. मागे मनमाड स्टेशनावर पोचवायचा कांदा होता.

"आज थांबली, तर तुझी हत्यारं माझ्या घरी," निघताना त्याने बजावले. ती हत्यारे घ्यायला नजीरच्या बायकोने, रोशनबीने, पाटल्या मोडल्या होत्या. त्यांच्यावाचून नजीर रोजावरचा हमाल होता.

चढ लागला तशी लॉरी खोकू लागली आणि धापा टाकत थांबली.

"बसली का तुझी राणी रुसून?" शेठ म्हणाला.

"कार्बोरेटर बदलला शेठ, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बदलला. सकाळी थंड असताना कशी चालते, तुम्हीच पाहिलं."

"सकाळी लय गोड. मग मी काय सकाळ इकू बाजारात?"

आजवर नजीरने इंजिन निवल्यावरच उघडले होते. आज तेवढा वेळ नव्हता. फडक्याने धरून त्याने बाजूचे झाकण काढले. तरी बोटे भाजलीच. इंजिनात हवा घेणाऱ्या नि धूर सोडणाऱ्या झडपेची, म्हणजे व्हॉल्व्हची, दांडी आणि तिला खालून उचलणारा खुंट यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवतात. त्याने विडीचे पान घालून पाहिले. तेही शिरेना.

मोटारीच्या कामाला लागण्यापूर्वी दहा वर्षे त्याने तांब्याची भांडी ठोकली होती. सांधा वाजला की गिऱ्हाईक भांडे परत आणी. फट असली की खुंट दांडीवर टिकटिक वाजतो; इंजिन बांधताना ती टिकटिक त्याला सोसली नाही आणि त्याने आठही फटी विडीचे पान जेमतेम शिरेल इतक्या मिटवून टाकल्या. इंजिन तापले की दांड्या लांबत, व्हॉल्व्ह नीट मिटत नसत आणि सगळा जोर निसटून जाई.

"चूक माझीच आहे," तो म्हणाला.

"ते मला म्हाईत हाय. चालू कर."

त्याने फटी मोकळ्या केल्या. सात व्हॉल्व्ह सुधारले. आठव्याची कड जळून झडली होती. लॉरी लंगडत वीस पावले गेली आणि थांबली.

शेठने बैलगाड्या ठरवून कांदा पुढे धाडला. संध्याकाळी हत्यारांची पेटी नेली.

चार दिवसांनी नजीरने जुने लोखंड विकणाऱ्या बहिरूकडून एक वापरलेला व्हॉल्व्ह उधार आणला आणि मागून आणलेल्या पान्यांनी बसवला. लॉरी चढ चढली. हत्यारे परत आली नाहीत. बहिरूचे एक रुपया सहा आणे देणे बाकी आहे.