पोल्डीची थाटाची मयत

पोल्डी वेसेली गेला तेव्हा आमच्या अड्ड्यावर कोणी रडलं नाही. स्टीफनच्या कॅथेड्रलसमोर घोडागाड्या लावणारे आम्ही सगळेच तोंडाळ, पण पोल्डीची जीभ म्हणजे वस्तरा. जाड गिऱ्हाईक चढलं की तो मोठ्याने आपल्या घोड्यांची माफी मागायचा. माझी बायको मला सोडून गेली त्या सकाळी त्याने गाडीवरून अख्ख्या चौकाला ओरडून सांगितलं, "फेर्डीची बायको सुटली हो!"

परदेशी पाहुण्यांना तो व्हिएन्ना आपल्या तऱ्हेने दाखवायचा. राजवाडा झटपट उरकायचा, संगीतकारांच्या घरांकडे नुसता चाबूक दाखवायचा. पण बादशहा आणि राण्या कोरीव पेट्यांत झोपलेत ते तळघर आलं की गाडी थांबलीच. "बघा," तो म्हणायचा, "यांना मरायची अक्कल होती."

त्यालाही तसंच जायचं होतं. कलगीवाले सहा काळे घोडे, बँड, आणि मागे अड्ड्यावरच्या सगळ्या गाड्या रांगेने. आमच्या शहरात हे वेड नवं नाही, पण पोल्डीने त्यापायी बहिणीला पिळून काढलं. हर्मिने त्याच्याच घरी राहायची, त्याचं सगळं करायची. तिचा खुबा पार गेला तरी ट्रामचं तिकीट मिळायचं नाही. थंडीत तिने आपल्या खोलीतली शेगडी पेटवली की हा भिंतीपलीकडून ओरडायचा, "माझ्या कलग्या जाळतेस काय गं?" वाचलेलं सगळं अंत्यविधीवाल्याकडे जमा.

इस्पितळात त्याने माझा हात धरला. "गाड्या येतील ना रे?"

"सगळ्या येतील," मी म्हणालो. मरणाऱ्याशी कोण वाद घालत बसणार?

मयत निघाली तो शनिवार होता. ऑक्टोबरचं लख्ख ऊन, नदीवर प्रवाशांनी भरलेली जहाजं. अड्ड्यावरचा एकही जण गिऱ्हाईक सोडून हलला नाही. मी दफनभूमीत होतो, पण धंद्यासाठी. संगीतकारांच्या कबरी बघायला लोक येतात, म्हणून त्या आठवड्यात माझी गाडी तिथल्या फाटकाशी लागत होती. हांबुर्गचं एक जोडपं मागे बसलं होतं.

"अहो, ही अंत्ययात्रा कुणाची?" बाईने विचारलं.

"दरबारी सल्लागार होते. फार मोठा माणूस," मी ठोकून दिलं. आमच्याकडे बिरुद लावलं की प्रेतालाही वजन येतं.

दोघं उतरून फोटो काढू लागली. घोडे होते, कलग्या होत्या, बँड जीव तोडून वाजवत होता. मागे एकटी हर्मिने, लंगडत. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"फेर्डी, आलास रे! बाकीचे कुठायत?"

"मी गिऱ्हाईक घेऊन आलोय, हर्मिनेबाई."

"असू दे. कबरीपर्यंत बसव मला. खुबा फार ठणकतोय."

हांबुर्गवाल्याने कॅमेऱ्याआडूनच सांगितलं, "गाडी आमच्यापुरती ठरवली आहे."

मी खांदे उडवले. काय करणार होतो?

हर्मिने माझ्याकडे बघत राहिली. मग तडक पुढे गेली, पेटीच्या गाडीवानाला "सरक" म्हणाली आणि काळा घागरा सावरत त्याच्या शेजारी चढून बसली.

फोटोंसाठी हांबुर्गवाल्यांनी माझी गाडीही मागोमाग न्यायला लावली. कबरीपाशी पेटी उतरली. पाद्रीबाबांनी प्रार्थना उरकली आणि ते पुढच्या मयतीकडे गेले. हर्मिने खाली उतरलीच नाही.

"घरी सोड मला," ती गाडीवानाला म्हणाली. "मोठ्या रस्त्याने ने. पैसे पोचलेत ना?"

"पोचलेत. पण माती, बाई?"

"माझ्या जन्माची केली त्याने, तेवढी पुरे."

त्याचं काय गेलं? गाडी रिकामी परत न्यायचीच होती. बँडला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं, तोही वाजवत तिच्या मागे निघाला. फाटकाशी एका म्हाताऱ्याने टोपी काढली. हर्मिनेने राणीसारखी मान तुकवली.

कबर खणणारे दोघे फावड्यांवर रेलून उभे होते.

"कुणी मूठभर माती टाकली की आम्ही बुजवायला मोकळे," त्यांतला एक मला म्हणाला. "यांचं कोणी आहे का?"

हांबुर्गची बाई खड्ड्यावर वाकून शेवटचा फोटो काढत होती. तिला आता संगीतकारांकडे जायची घाई होती.

"नाही," मी म्हणालो आणि लगाम उचलला.