सांध्यावरचा भोवरा

माझ्या मुलीला तिच्या मार्गदर्शकानं फसवलं. तिनं पाण्यात जे शोधलं, ते त्यानं एकट्याच्या नावानं छापलं.

ती इथल्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. विषय होता खळाळत्या पाण्यातले भोवरे. त्यासाठी तिला लांब, पारदर्शक पन्हळ हवी होती. कॉलेजात वर्षभर नुसती टोलवाटोलवी. माझं वाळूजला जुन्या यंत्रांचं दुकान आहे, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. मीच तिला ॲक्रिलिकवाल्याकडं घेऊन गेले.

"आपा, इत्ते में घर नै चलता मेरा."

"तुझ्या घरावर दुसरा मजला कुणाच्या जिवावर चढला रे? काढ माल."

तळासाठी अखंड तुकडा तो स्वस्तात देईना. मग मी दोन आखूड तुकडे पदरात पाडून घेतले. जोडल्यावर कळलं, एक दुसऱ्यापेक्षा किंचित जाड होता. सांध्यावर बारीक पायरी झाली.

पाणी सोडून मुलीनं त्यात जांभळ्या रंगाची धार धरली. रंगाची रेघ सांध्यापर्यंत सरळ गेली, तिथं गोल गुंडाळली आणि फुटली. मी ॲक्रिलिकवाल्याचा उद्धार सुरू केला, तशी तिनं ओला हात माझ्या तोंडावर ठेवला.

"आई, गप. कसा वळतोय बघ! तुझी घासाघीस आहे ती पायरी. राहू दे."

पाण्यात बुडवलेली सुई वेग मोजायची आणि पडद्यावर वेडीवाकडी रेघ उमटायची. मार्गदर्शक म्हणायचे, या उड्या म्हणजे कचरा, सरासरी काढ. मुलीला ते पटेना. दुपारी मी डबा घेऊन जायचे, तेव्हा ती भाकरी हातात धरूनच मला समजावायची. एक छोटी लहर घ्यायची, उठून लगेच विझणारी. तिला म्हणतात वेव्हलेट. ती त्या रेघेवरून सरकवत न्यायची, कधी ताणून, कधी आवळून. जिथं ती जुळली, तिथं त्या क्षणी तेवढ्या मापाचा भोवरा होता. सरासरीत तो मरतो.

"व्हय गं," मी म्हणाले, "गिऱ्हाइकाचंही तसंच. तासभर नाय नाय म्हणतं, पण एकदाच त्याचा डोळा हलतो. तो क्षण हेरला की सौदा झाला."

ती इतकी हसली की ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. पीएचडी करणारी पोर, पण पाठ अजून लहानपणीसारखीच हडकुळी.

मग मार्गदर्शकांचा तो छापील लेख आला. त्यात तिनंच वेव्हलेटनं काढलेली रंगीत चित्रं होती. सांध्यापाशी तोच भोवरा, लाल डागासारखा उठून दिसणारा. खाली लिहिलं होतं, तळाशी पायरी 'विचारपूर्वक' ठेवली आहे. मुलीचं नाव कुठंच नव्हतं.

मी चप्पल घालून दारापर्यंत गेले होते. तिनं मागून कंबरेला मिठी मारली. "आई, माझी पदवी त्यांच्या सहीवर आहे गं." मी थांबले. भांडण गिळायची मला सवय नाही, तिच्यासाठी गिळलं.

आता पदवी तिच्या हातात आहे. ती म्हणते, जाऊ दे, आणि म्हणताना माझ्याकडं बघत नाही.

सर, मला उत्तर हवंय. ती पायरी तुम्ही कुठल्या विचारानं ठेवलीत, ते सांगा. नसेल सांगता येत, तर जिथं छापलंत तिथंच माझ्या मुलीचं नाव छापा. यात घासाघीस नाही.