टिलव्याचे पाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि माझ्या बहुतेक फजित्या तिला पाठ आहेत. पण ही माझी फजिती नव्हती. झाली ती दुसऱ्याची.

एकोणीसशे साठच्या आसपासचा हिवाळा. अमरावतीच्या एका कॉलेजात मी आणि इंगळे प्राणिशास्त्र शिकवायचो, दोघेही हंगामी. उन्हाळ्यापर्यंत दोघांपैकी एकच कायम होणार, हे दोघांना ठाऊक होतं. तरी डबा एकत्रच उघडायचो.

भातकुलीकडच्या तलावावर मुलांना नेलं. विभागप्रमुख तिथंही टाय लावून आले — पाखरांवर छाप पडावी म्हणून असेल. काठाच्या चिखलात चिमणीएवढा एक टिलवा टोचा मारत होता. या पाणपक्ष्याच्या जाती दोन, सख्ख्या भावांसारख्या: छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट.

"छोटा टिलवा. पाय काळे," प्रमुखांनी जाहीर केलं. मुलांनी लिहून घेतलं.

"सर, तो चिखल हाये," इंगळे म्हणाले. "आपल्या काळ्या मातीत कोनाचेबी पाय काळेच दिसतीन. पान्यात जाऊ द्या त्याले."

मुलं हसली. प्रमुख हसले नाहीत. "इंगळे, आता तुम्ही लोक आम्हाला शिकवणार?"

इंगळ्यांचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे तिथं कुणाला कळलं नाही? मला तर कळलंच.

दुर्बीण एकच, ती माझ्याकडे. सगळे माझ्याकडे वळले. आणि पक्षी — पाण्यात उतरला. चिखल सुटला. पाय पिवळट. लगेच उडाला, शेपटीच्या कडा पांढऱ्याशुभ्र. टेमिंकचाच. शंकेला जागाच नव्हती.

"काय दिसलं?" प्रमुखांनी विचारलं.

भ्यालो, असं म्हणू? भ्यालो. पण भीतीच्या आधी ती कायमची एकच जागा आठवली — आधी.

"काळे, सर."

इंगळ्यांनी वाद घातला नसता का? घातला असता, प्रमुखांशी. माझ्याशी नाही. "मले पिवळे वाटले, मंग मलेच भास झाला असन," ते म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला — हे मला आजही नीट सांगता येत नाही.

उन्हाळ्यात प्रमुखांनी 'निरीक्षण कच्चं' असा शेरा मारला आणि इंगळ्यांची नोकरी गेली. मी कायम झालो. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्रमुखांनी माझ्या अचूक नजरेवर भाषण केलं. इंगळे अकोल्याला दुसऱ्या नोकरीवर निघाले होते, तरी थांबले. पेढा मोडून अर्धा त्यांनी माझ्या तोंडाशी धरला.

"खा न लेका, लाजतं काहून?"

मी खाल्ला. गोड लागला.