फुलाखालचा ठिपका

नाणं हातात आलं की आक्का ते तळहातावर कधी ठेवत नसत. अंगठा आणि मधलं बोट यांच्यात कडेने धरायचं, उजेडाकडे अर्धं वळायचं, भिंग डोळ्याशी न्यायचं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजायचं. समोरच्याने "कोणत्या सालचं आहे?" असं विचारलं की मान वर न करता म्हणायच्या, "साल वाचायचं नसतं भाऊ. साल शोधायचं असतं."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला एकाच गोष्टीतलं फार कळतं आणि नेमकी तीच गोष्ट आसपास कुणाला नको असते. सामरवरणीच्या आमच्या इमारतीत त्या आक्का होत्या. आमची दारं समोरासमोर. मी कोकणातून इथे मास्तरकी करायला आलो, त्या शिरपूरकडून नवऱ्यामागे आल्या. नवरा गेल्यावर राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात लागल्या. काम तपासणीचं. रीळ दिव्यासमोर फिरवायचं आणि तुटलेला तंतू शोधायचा. आठ तास. त्यामुळे त्यांची नजर अशी झाली होती की माझ्या शर्टाचं सैल झालेलं बटण त्यांना जिन्यातून दिसायचं आणि त्या ते सांगायच्याही.

सुटीच्या दिवशी लोक झोपा काढतात. आक्का सिल्वासाच्या बाजारात एका चांदीवाल्याकडे जाऊन बसायच्या. आजूबाजूच्या गावांतल्या बायकांच्या गळ्यात जुन्या चांदीच्या रुपयांचे हार असतात, प्रत्येक रुपयाला वर कडी लावलेली. हल्ली ते हार मोडीत येतात. दुकानदार वजन करतो आणि माल वितळायला मुशीत जातो. त्याआधी एकदा आक्कांनी पाहून घ्यायचं, अशी तिथे रीतच पडली होती. "आक्काबेन, जरा जुओ ने," म्हणत दुकानदार थाळी पुढे सरकवायचा. खोटी चांदी वेगळी होते म्हणून तोही खूश. मोबदला एक कप चहा.

त्या काय शोधायच्या तेही सांगतो, कारण मला समजायला दोन वर्षं लागली. राणीच्या छापाचा १८६२ सालचा रुपया पुष्कळ सापडतो. पण ते साल तसंच ठेवून टाकसाळ पुढे बरीच वर्षं तोच रुपया पाडत राहिली. उलट्या बाजूला, वरच्या फुलाखाली आणि खाली सालाजवळ, बारीक ठिपके असतात. कुठे एक, कुठे चार, कुठे एकही नाही. त्यांवरून खरं साल ओळखतात. म्हणजे दहा रुपयांवर साल एकच आणि जन्म दहा वेळचे. हे कळल्यापासून आक्कांना चैन नव्हतं. त्यांचे वडील शिरपूरला चांदीचे कारागीर. वाळे, कडी करायला त्यांनी आयुष्यभर हेच रुपये वितळवले आणि लहानपणी भाता ओढायला आक्का. "बापाने किती वितळवले देव जाणे," त्या म्हणायच्या, "एकाचं तोंड नीट पाहिलं नाही."

मीही एकदा मोठ्या ऐटीत आमच्या देव्हाऱ्यातला रुपया त्यांना दाखवायला नेला होता. पणजोबांपासून लक्ष्मीपूजनाला मांडतो तो. आक्कांनी तो बराच वेळ पाहिला आणि हलकेच सांगितलं की सालातला एक आकडा कुणीतरी कोरून बदललाय. माझा चेहरा पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. "पूजा चालू ठेवा सर," त्या म्हणाल्या, "लक्ष्मी भिंग लावून नाही बसत." आम्ही अजून तोच रुपया पूजतो.

एका रविवारी किलवणीच्या मायलेकी त्या दुकानात आल्या. मी माझ्या घड्याळाचा पट्टा बदलायला बाजारात गेलो होतो, तो आक्कांशी बोलत तिथेच टेकलो होतो. मुलीचं लग्न ठरलेलं. आईच्या गळ्यातला अकरा रुपयांचा हार मोडून तिला नाजूक साखळी हवी होती. हे गळ्यात घालून मी कंपनीच्या बसमध्ये चढू का, असं ती विचारत होती आणि तिचंही खोटं नव्हतं. आईने हार काढून दिला तरी तिचा हात थाळीच्या काठावरच होता.

आक्का एकेक रुपया पाहत गेल्या. नवव्याला थांबल्या. फुलाखाली एक ठिपका जास्त होता. त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. "हा मोडू नका," त्या म्हणाल्या. "असा मी कुठे पाहिला नाही." त्या एका रुपयाबद्दल बोलल्या, पण आईने अख्खा हार उचलून कमरेच्या पिशवीत टाकलासुद्धा. दुकानदार वजनं हातात धरून बसला. मुलगी रुसून बाहेर गेली. आक्कांनी त्या रुपयाचा मोबाइलवर फोटो तेवढा काढून घेतला.

गुरुवारी संध्याकाळी आमची बेल वाजली. आक्कांच्या हातात मोबाइल होता आणि फोटो इतका मोठा केलेला की फुलाची पाकळी घराच्या पत्र्याएवढी दिसत होती. "हे पाहा. बाकीचे ठिपके झिजलेत. हा झिजला नाही. हा छापाचा नाहीच. कडी जोडताना सांध्याला वितळवून डाक लावतात ना, त्याचा थेंब पळालाय." मग खाली बसल्या. "चांदीवाल्याची पोर मी. भात्यावर बसून हेच पाहत वाढले आणि मला ओळखू आलं नाही."

मी म्हटलं, सांगू नका. कुणाला कळणार आहे? हार तरी वाचेल. मला तेव्हा हा सल्ला फार शहाणपणाचा वाटला होता.

आक्कांनी मोबाइल पालथा ठेवला. "हार राहावा असं मलाही वाटून राहिलं सर," त्या म्हणाल्या. "पण ती बाई माझ्या शब्दावर थांबलीये."

पुढच्या रविवारी आम्ही रिक्षाने किलवणीला गेलो. आई अंगणात वाल निवडत होती. आक्कांनी टेकायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. माझं चुकलं, ठिपका डाकाचा आहे, रुपया साधाच आहे. मुलगी दारात उभी होती. तिने लगेच विचारलं, मग आता मोडायचा ना?

आईने पिशवीतून हार काढला आणि तो रुपया बोटाने शोधला. तिला भिंग लागलं नाही. "ही पोटात होती तवा याची कडी तुटलेली," ती मुलीकडे पाहून म्हणाली. "बाजारात बसून लावून घेतली मी."

"कोणत्या साली?" आक्कांनी विचारलं.

आई हसली. साल कुणाला ठाऊक. तेव्हा मुलगीच आत गेली आणि कंपनीचं ओळखपत्र घेऊन आली. त्यावर तिची जन्मतारीख होती. आक्कांनी ते कार्डही कडेने धरलं. जन्म फेब्रुवारीचा होता. "कडी लावली तेव्हा भात कापलं होतं का?" त्यांनी आईला विचारलं. कापून झालं होतं, खळ्यावर होतं. "मग आधीच्या वर्षीचं," आक्का म्हणाल्या आणि साल सांगितलं. मुलगी इतका वेळ हाराकडे पाहतसुद्धा नव्हती. आता तिने तो रुपया हातात घेतला आणि नखाने ठिपका चाचपून पाहिला.

हार वाचला नाही. दहा रुपये मोडले. मोडायच्या आधी आक्कांनी दहाही रुपये आईला एकेक करून दाखवले, कुठला आधीचा, कुठला नंतरचा, आणि मूस लाल होईपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिल्या. उरलेला, डाकाच्या ठिपक्याचा, मुलीने दिला नाही. नव्या साखळीत अडकवून मागितला. ते सांगताना आक्कांचा आवाज बदलला होता. "दहा गेले सर," त्या म्हणाल्या. "पण ओळखून गेले."

नंतर दोन-तीन वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, कारखाना सुटला आणि मुलगा त्यांना शिरपूरला घेऊन गेला. फोन व्हायचा. शेवटच्या फोनवर आवाज खोल गेला होता. माझी, शाळेची चौकशी झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती किलवणीची पोर दिसते का हो? घालते का अजून?"

मी म्हटलं, घालते की. परवाच बसथांब्यावर दिसली होती.

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला, त्या गेल्या.

मुलगी मला लग्नानंतर एकदाही दिसलेली नाही. आक्कांना जे खोटं जमलं नाही ते मी एका दमात बोलून गेलो होतो, तेही त्यांच्याशीच. तेव्हापासून सकाळी शाळेला निघालो की कंपन्यांच्या बसेस सुटतात तिथे थोडा वेळ थांबतो आणि चढणाऱ्या मुलींच्या गळ्यांकडे पाहतो. माझ्या वयाच्या मास्तराला हे शोभत नाही, एक-दोघींनी ओढणी सावरून तसं जाणवूनही दिलं आहे. तरी मी थांबतो. एकदा दिसायला हवी.