मोठ्याबाईंचे दात

गव्हाच्या दुकानात गेल्यावर मोठ्याबाई आधी भाव विचारत नसत. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचे दाणे काढायच्या, त्यातला एक पुढच्या दातांखाली धरायच्या आणि डोळे मिटून चावायच्या. कट्ट असा आवाज आला तर गहू वाळलेला. दाणा नुसता दबला तर तो तळहातावर काढून दुकानदाराला दाखवायच्या. म्हणायच्या, "हा गहू अजून वावरातच हाय भाऊ. कोठीत टाकला त किडे पडतीन. दुसरं पोतं खोल."

त्या माझ्या थोरल्या जाऊ. अकोल्याला मुलाजवळ राहायच्या, आम्ही अमरावतीत राजापेठेला. वर्षाचे गहू भरायच्या दिवसांत त्या दरसाल आमच्याकडे यायच्या, कारण मला दुकानात बोलणं जमत नाही. चारचौघांत माझा आवाजच निघत नाही. त्या म्हणायच्या, "सुमे, तुह्या वाटचं मी बोलतो. तू फक्त पिशवी धर." मी पिशवी धरून मागे उभी राहायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

त्या रंगाने काळ्या, उंच आणि बोलायला फटकळ. त्यांना पाहायला गेले तेव्हा सासूबाई परत येऊन म्हणाल्या होत्या, "पोरगी काळी हाय, पण दात बेस हायेत." हे मोठ्याबाईंना पुढे कोणीतरी सांगितलं. दुसरी कुठली तारीफ त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. मग त्यांनी तीच जपली. हसायच्या तेव्हा तोंडावर पदर घ्यायच्या नाहीत. सासूबाईंनी त्यावरूनही टोकलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

भाऊजी वारले, त्यानंतर अकोटच्या स्टँडवर एसटीतून उतरताना त्यांचा पाय घसरला आणि वरचे पुढचे दात तुटले. आमच्या राजापेठेतल्या दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून त्यांच्यावर टोप्या बसवल्या आणि मधे नवे दात जोडले. डॉक्टर त्याला ब्रिज म्हणत. मोठ्याबाई म्हणायच्या, "नदी नाई, नाला नाई, अन् माह्या तोंडात पूल." पण त्या दिवशी घरी आल्यावर त्या माझ्या कपाटाच्या आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी चहा ठेवून परत आले तरी उभ्याच होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या दातांनी कडक काही चावू नका. मोठ्याबाईंनी मान डोलावली. पुढच्या हंगामात दुकानात गेलो आणि त्यांनी पोत्यात हात घातला. मी पदर ओढला तर म्हणाल्या, "एका दाण्यानं काय होते वं?" खरंच काही झालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही झालं नाही.

मग एका वर्षी झालं. दाणा चावला, आणि त्या बोलल्याच नाहीत. ओठ घट्ट मिटले आणि हातानेच खूण केली, मोजून दे. दुकानदारानेही चमकून पाहिलं. रिक्षाने घरी आलो. उंबऱ्याच्या आत आल्यावर त्यांनी हातावर ब्रिज काढला आणि मला दाखवला. "हालून राहिला होता. आता सुटलाच." बोलताना पुढच्या मोकळ्या जागेतून हवा जात होती. ते त्यांना स्वतःला ऐकू आलं, आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला. त्यांना तसं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरांनी ब्रिज धुऊन, सिमेंट लावून परत बसवला. पण सांगितलं, की एका टोपीखालचा दात किडला आहे. या वेळी बसला, पुढच्या वेळी बसेलच असं नाही. हलायला लागला की लगेच या, घरी काही लावून चिकटवू नका. आतला दात अजून सडेल. आणि झोपेत सुटला तर घशात जाईल, श्वासनळीतही जाऊ शकतो. मोठ्याबाईंनी विचारलं, "नाईच बसला त?" डॉक्टर म्हणाले, "मग काढघालीची कवळी करू."

त्या वाटेत थांबल्या. "कवळी नाई," म्हणाल्या. मला कारण माहीत होतं. सासूबाईंची कवळी रात्री पितळेच्या वाटीत असायची. घरातली पोरं ती पाहून हसायची, सकाळी मोठ्याबाईंना ती धुवावी लागायची. "त्या वाटीत मी जाणार नाई, सुमे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या अमरावतीला आल्या नाहीत. गहू मीच भरले, दुकानदार म्हणेल ते. फोनवर त्या म्हणायच्या, बरी हाय, गुडघे दुखतात. नंतर त्यांच्या सुनेचा, वंदनाचा फोन आला. "काकू, आई बराबर जेवत नाईत. दुधात पोळी भिजवून खातात. विचारलं त खेकसतात." मी एसटीने अकोल्याला गेले. मूर्तिजापूरच्या पुढे उन्हाने डोकं चढलं होतं, पोहोचले तेव्हा बोलायचंही त्राण नव्हतं. मोठ्याबाई खाटेवर बसल्या होत्या, अर्ध्या झाल्या होत्या. पण हसल्या, आणि दात जागेवर होते.

दुपारी त्यांचं लुगडं धुवायला घेतलं तर पदराला गाठ. सोडली तर आत गहू. मी ते त्यांच्यासमोर धरले. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, वंदना स्वयंपाकघरात होती. मग म्हणाल्या, "कच्चा गहू चावत राहा, पीठ गिळून टाक. मांगं चिवट गोळा राहते. लहानपणी आपण खात नव्हतो का? थोच पुलाच्या मांगं लावतो. जेवणापुरता टिकते."

मी म्हटलं, "मोठ्याबाई, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना."

"थ्या डाक्टरचे सोताचे दात हायेत."

"अन् झोपेत गिळला तर?"

"झोपताना काढून ठेवतो. उशीखाली. वाटीत नाई ठेवत."

दाढा शाबूत होत्या, त्यांनी त्या गहू चावायच्या. ते दिवसातून किती वेळा करत असतील, कोण जाणे. हिरडी सुजलेली होती. त्यांना अमरावतीला न्यायला मला आठवडा लागला. त्यांचा मुलगा प्रकाश म्हणाला, आता या वयात कशाला, सगळेच काढून टाकू. म्हणूनच त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. शेवटी मीच नेलं. एसटीत त्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. त्यांचा ब्रिज माझ्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत होता, आणि मी सारा रस्ता डबी मुठीत धरून बसले.

डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. टोपीखालचा तो दात पार गेला होता. तो काढला, सूज उतरली, पण ब्रिज आता बसायचा नव्हता. कवळीचं माप द्यायला त्या तयार होईनात. मी समजावलं, वंदनाने फोनवर समजावलं. एखादं माणूस एका जागेवर अडून बसलं की घरातली बाकीची माणसं किती थकतात, ते मी त्या दिवसांत पाहिलं. त्या पण थकल्या होत्या. म्हणाल्या, "सोड आता. पातळ वरण-भात खातो. कोणाले दाखवाचे हायेत दात?" पण अकोल्याला परत जाताना डबी त्यांनी मागून घेतली.

मी त्यांना बसमध्ये बसवलं. शेजारी वंदनाचा भाऊ होता, तो पाणी आणायला उतरला. तेवढ्यात त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. "सुमे, एक काम करजो. मले बिनदाताची नेऊ देजो नको. चार लोक तोंड पाहाले येतीन." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. त्यांनी हात सोडला नाही. मी हो म्हटलं तेव्हा सोडला.

त्या हिवाळ्यात गेल्या. दुखणं दातांचं नव्हतं, हृदयाचं होतं. सकाळी फोन आला आणि आम्ही दुपारपर्यंत पोहोचलो. बायांनी आंघोळ घालून त्यांना ओसरीत ठेवलं होतं. तोंड जरा उघडं होतं आणि वरचा ओठ आत गेला होता. ओळखीचा चेहरा नव्हता तो. डबी मला आत त्यांच्या खाटेवर उशीखाली सापडली. वंदनाला दाखवली तर ती रडतच म्हणाली, "आता कशाला काकू? अन् राहणार कसे ते?"

मी स्वयंपाकघरात गेले. कोठीतून मूठभर गहू घेतले, तोंडात टाकले आणि चावायला लागले. घरात प्रेत असताना तोंडात दाणा घेऊ नये, हे मला माहीत होतं. त्यांच्या तोंडात माझं उष्टं जाणार, हेही कळत होतं. बाया येत होत्या, विचारत होत्या, केव्हा झालं, जवळ कोण होतं, तुळस कुठे आहे. मी हाताने दाखवत होते. मी कधी बोलतच नाही, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. पीठ गिळता गिळता जबडा दुखला. शेवटी गोळा उरला.

मी त्यांच्या उशाशी बसले. तोंडात तुळस-पाणी घालण्याच्या निमित्ताने पदर आडवा धरला, ब्रिजला मागून गोळा लावला आणि वर दाबून धरला. त्यांचा ओठ गार होता. हात काढला तेव्हा ब्रिज राहिला. मग हनुवटीखालून पट्टी बांधली. ओठ पूर्ण मिटले नाहीत. दातांची पांढरी कड दिसत होती.

गल्लीतली एक म्हातारी शेवटचं पाहायला आली. मोठ्याबाईंच्या लग्नात ती हजर होती म्हणे. काठी टेकून वाकली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली, "दात अखेरपरेंत बेस राहिले बाईचे."

मी मान हलवली. तोंडात गव्हाची चव होती.