आईच्या बोटांचा वास

दवाखाना बंद होऊन बारा वर्षं झाली, डॉक्टरही गेले, पण गल्लीतली माणसं काकांना अजून कंपाउंडरकाकाच म्हणत. नाव होतं त्यांना, नाही असं नाही, पण ते फक्त वीजबिलावर. चाळीस वर्षं त्यांनी लाकडी फळीमागे उभं राहून मिक्स्चरं ढवळली, बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या डकवल्या आणि पोटदुखीच्या औषधात पेपरमिंटचं पाणी जरा सढळ हातानं घातलं. डोळे मिटून बूच उघडलं तरी बाटली कुठली ते सांगायचे. असं नाक गल्लीत दुसरं नव्हतं.

घराच्या मागच्या दारी, अर्ध्यात कापलेल्या पत्र्याच्या पिंपात त्यांचा पुदिना होता. पिंपात का, तर पुदिना हा मोठा आगाऊ प्राणी. जमिनीत मोकळा सोडला की गुपचूप हातपाय पसरतो. एका वर्षी त्यानं काकूंचा टोमॅटोचा सगळा वाफा गिळला, तेव्हा काकूंनी ठणकावून सांगितलं, "अहो, एक तर हा राहील, नाही तर मी." काकांना दोघंही हवी होती. म्हणून पिंप आलं.

पुदिना टिकवायचा कसा, हे एकदा काकांनी सांगायला घेतलं की ऐकणाऱ्यानं खुर्ची ओढून बसावं हे बरं. फुलोरा यायच्या आत कापायचा. सकाळी, दव सुकल्यावर. ओरबाडायचा नाही, खाली दोन पेरं ठेवायची, म्हणजे पुन्हा फुटतो. कोवळी पानं चिरून पाण्यासकट बर्फाच्या ट्रेमध्ये, ती लिंबाच्या पाण्यात टाकायला. बाकीची धुऊन, निथळून, मागच्या खोलीत जुन्या चादरीवर पसरायची, आणि तीही सावलीत! उन्हात घातला की रंग गेला, जीवही गेला. चार-पाच दिवसांनी काका एक पान चुरगाळून नाकाशी धरत. कच्चा, गवतासारखा वास संपून नुसता गार वास उरला की म्हणत, "झालं. भरा बरण्या." एक बरणी मुलीकडे, एक शेजारी, एक घरात आणि एक अक्काला. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी, बसनं दोन तासांवर एकटी राहायची. दरवर्षी काका तिच्याकडे बरणी घेऊन जात, तब्येत विचारत, चहा घेत आणि परत येत.

पण पान नाकाशी धरून काका नुसता वास बघत नसत, ही गोष्ट फक्त काकूंना ठाऊक होती. काका चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. फोटो नाही, चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. एवढंच आठवायचं, की आपण तापानं फणफणलोय आणि पुदिन्याचा वास असलेली बोटं कपाळावरून फिरताहेत. बस्स, एवढीच आई त्यांच्या वाट्याला आली होती. पान चुरगाळलं की ती यायची, घटकाभर थांबायची, आणि काका तोंड फिरवून डोळे पुसायचे. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली तरी काकूंनी त्यावरून त्यांची कधी थट्टा केली नाही. एरवी त्या कशाला सोडत नसत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी काकांना ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. कॉफी नाही, साबण नाही, जळलेलं दूधसुद्धा नाही. नवीन डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. कधीकधी नाहीही येत." काकांनी घरी येऊन सांगितलं, "काही विशेष नाही म्हणाले." रोज सकाळी पिंपाशी जायचे, पान चोळायचे, नाकाशी धरून उभे राहायचे. काही नाही. कागद चुरगाळावा तसं. या वयात आपण दुसऱ्यांदा पोरके झालो, असं त्यांना वाटलं आणि ते कुणाला सांगायची लाज वाटली.

मग कापणी आली. नेहमीसारखा थाट झाला, चादर पसरली, पाचव्या दिवशी काकांनी पान नाकाशी धरलं आणि ऐटीत म्हणाले, "झालं. भरा बरण्या."

आठवड्यानं काकूंनी बरणी उचलली, तर काचेला आतून घाम आणि पानांवर पांढरी बुरशी. चारही बरण्या तशाच. काकू बरणी घेऊन समोर उभ्या राहिल्या. "अहो, खरं सांगा. वास येत नाही ना तुम्हाला?"

काकांनी त्यांच्या हातातली बरणी घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

"जळलेल्या दुधाच्या दिवशीच मला कळलं होतं. म्हटलं, आपणहून सांगतील. कसलं काय!"

तेव्हा मात्र काकांचा बांध फुटला. "अगं, आई गेली गं माझी. होती तेवढीही गेली."

काकू त्यांच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "वन्संना विचारा की. त्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. त्यांना आठवत असणार सगळं. वास नाही तर नाही, गोष्ट तरी मिळेल."

इतकी साधी गोष्ट आजवर आपल्याला का सुचली नाही, याचं काकांना नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी ते ताज्या पुदिन्याची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून बसमध्ये बसले.

अक्कानं दार उघडलं. "बरणी नाही यंदा?"

"नासल्या."

"तुझ्या हातून? कमाल आहे!" ती जुडी घेऊन स्वयंपाकघरात गेली, चहा टाकला, काड्या पाण्यात उभ्या केल्या. काकांनी तिथेच स्टुलावर बसून सगळं सांगितलं. ताप, नाक, बोटं, सगळं. शेवटी म्हणाले, "अक्का, आईच्या त्या बोटांबद्दल काहीतरी सांग ना. ती कशी होती गं?"

अक्का पाठमोरी होती. तिनं गॅस बंद केला, पण वळली नाही.

"छोट्या, आई असताना आपल्याकडे पुदिना नव्हताच."

"म्हणजे?"

"ती गेल्यावर तू आजारी पडलास. ताप हटेना. बाबा पाळीवर जायचे. खालच्या शिंपीणबाईंनी मला दोन काड्या आणून दिल्या, लाव म्हणाल्या, आणि पानं ठेचून पाण्यात घालून त्याच्या कपाळाला लाव. मी शाळा सोडून बसले होते ना घरी. दिवसभर तेच करायचे."

काका म्हणाले, "कधी सांगितलं का नाहीस?"

"तू सात-आठ वर्षांचा असताना विचारलंस, अक्का, आईच्या हाताला पुदिन्याचा वास यायचा ना? इतका खूश होतास. मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर मागे कसं फिरायचं? तेवढीच आई होती तुझ्याकडे, तीही काढून घेऊ?"

"मग इतकी वर्षं मी रडलो कुणासाठी?"

"माझ्यासाठीच की, वेड्या." अक्का आता वळली. हसत होती आणि डोळे वाहत होते. "आणि मी इथे दोन तासांवर, चांगली जिवंत!"

काकांना वर्षावर्षाच्या त्या भेटी आठवल्या. बरणी, तब्येत, चहा, आणि घाईनं धरलेली परतीची बस. ते उठले, अक्काचा हात दोन्ही हातांत घेतला आणि चेहऱ्याशी धरला. वासबीस काही आला नाही. सुरकुतलेली, चहाच्या भांड्यानं गरम झालेली बोटं होती. काका लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले, आणि या खेपेला तोंड फिरवलं नाही.

"पुरे आता," अक्का म्हणाली. तिनं हात मात्र सोडवून घेतला नाही.